ठरवणारा एक, निस्तरणारे सगळे

त्याला काही विचारलं की तो चुटक्या वाजवायचा. म्हणजे तुम्ही जाऊन म्हणायचं, "अरे, हे खोके आत ठेवू की बाहेर?" तर तो तुमच्याकडे न बघता उजव्या हाताने चुटक्या सुरू करायचा. टक, टक, टक. तुम्ही 'आत' म्हणा नाहीतर 'बाहेर' म्हणा, चुटक्या थांबायच्या. काहीच बोलला नाहीत तर वाजतच राहायच्या. एकदा मी विचारलं आणि मुद्दाम गप्प उभी राहिले. म्हटलं बघू किती वाजवतो. बोटं दुखायला लागली तेव्हा त्याने हात बदलला. शेवटी मीच कंटाळून ओरडले, "आत!"

माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

पेणला रामवाडीत, हायवेच्या बाजूला त्याने एक गाळा भाड्याने घेतला होता. गणपतीच्या मूर्तींचं मोबाइलवर बुकिंग घ्यायचं आणि मूर्ती घरपोच नेऊन द्यायची, हे काम. गणपती झाले की उरलेलं वर्ष पोह्याचे पापड. त्याला धंदा म्हटलेलं चालायचं नाही, स्टार्टअप म्हणा म्हणायचा. मी दुकान म्हणायची. साहेब म्हटलेलंही चालायचं नाही. मग मी 'अरे' म्हणायला लागले. त्यावर त्याची काही तक्रार नव्हती. तो मला मावशी म्हणायचा.

मी पेणजवळच्या जोह्याची. तिथल्या कारखान्यांत मूर्तींना पॉलिश पेपर मारण्यात माझं आयुष्य गेलं. तो मूर्ती बघायला आमच्या कारखान्यात आला होता. मला म्हणाला, "मावशी, माझ्याकडे याल? मूर्ती तपासून घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या."

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

"घरी कोण असतं?"

"कोन नाय."

"मग विचारणार कोणाला?" आणि लागला चुटक्या वाजवायला. मला एवढा राग आला की रागाच्या भरात "येते" म्हणून बसले.

गाळ्यात आम्ही चौघं. तो, मी, मोबाइल आणि कॉम्प्युटर सांभाळणारी प्रणाली, आणि टेम्पो चालवणारा इक्बाल. पहिल्याच दिवशी त्याने वाटणी करून टाकली. मूर्ती मावशींच्या, रस्ता इक्बालचा, मोबाइल प्रणालीचा. ज्याचं काम त्याने ठरवायचं, तिथल्या तिथे ठरवायचं, आणि त्याला विचारायला यायचं नाही.

मी म्हटलं, "आणि तुझं काय रे?"

"माझं निस्तरणं. ठरवणारा एक, निस्तरणारे सगळे. त्यात पहिला मी."

हे ऐकायला बरं वाटतं. करून बघा. मला आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलं आणि मी केलं. आधी बापाने, मग नवऱ्याने, मग कारखानदाराने. ते सोपं असतं. चुकलं तर सांगणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालता येतात. इथे शिव्या घालायच्या कोणाला?

प्रणालीने एक दिवस ठरवलं की मोबाइलवर फोटो उठून दिसायला गाळ्याची मागची भिंत गुलाबी पाहिजे. म्हणाली, फोटो मोबाइलमध्ये जातात म्हणजे भिंत माझ्या कामात. दुपारी रंगारी येऊन गुलाबी करून गेला. गाळा असा दिसायला लागला की रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावून केस कापायचे किती घेता म्हणून विचारायची. मी त्याला म्हटलं, "हे काय रे चाललंय?" तो खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत म्हणाला, "सकाळी ठरलं, दुपारी झालं. कंपनीत असतो तर या भिंतीवर सहा महिने चर्चा झाली असती."

"सहा महिने केली असती तर पांढरीच राहिली असती," मी म्हटलं.

इक्बालची गोष्ट त्याहून वरताण. धरमतरकडे पापडांची खोकी पोचवायची होती. हायवेला गाड्या तुंबलेल्या. इक्बालने ठरवलं, खाडीच्या बांधावरून जाऊ. मी शेजारी बसले होते. म्हटलं, "इक्बाल, त्या बांधावर बैलगाडी जाईल, टेम्पो नाय जायचा." तो म्हणाला, "मावशी, रस्ता माझा." गेला आणि मिठागराच्या चिखलात रुतला. मागची चाकं अर्धी आत. फोन केला तेव्हा हा पेणहून कोणाच्या तरी स्कूटरवर बसून आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर ठेवल्या आणि चिखलात उतरून ढकलायला लागला. मिठागरावरची माणसं काम टाकून बघत होती. त्यातली एक बाई मला म्हणाली, "ह्यो डायवर कं गो?" म्हटलं, "नाय, ह्यो मालक. डायवर तो वरती बसलाय." ती हसून हसून खाली बसली. मग तिनेच चारजणांना हाक मारली आणि टेम्पो निघाला.

येताना इक्बाल मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." हा म्हणाला, "निर्णय चुकला. घेतलास ते बरं केलंस." मी डोक्याला हात लावला. चुकलेल्याला शिव्या द्यायच्या सोडून शाबासकी देणारा मालक मी जन्मात बघितला नव्हता. बरं, इक्बाल त्यानंतर बांधावर कधी गेला नाही, हेही खरं. पण शिव्या देऊनही गेला नसता.

स्वतःच्या बाबतीत तर त्याचं आणखीच तऱ्हेवाईक. रोज निळा शर्ट. सगळे एकासारखे एक. रोज दुपारी भाकरी आणि वालाचं बिरडं. म्हणायचा, शर्ट आणि जेवण ठरवण्यात डोकं वाया घालवलं तर कामाला काय उरणार? मी म्हटलं, "सगळं तर आम्हीच ठरवतो. तुझं डोकं खर्च कुठे होतं?" त्यावर तो हसला. पुढची भाकरी मोडली.

मी विधवा. काही घरांत मूर्ती माझ्या हातून घ्यायला बायका कुरकुरायच्या. पनवेलच्या एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "सवाष्ण नाही का कोणी तुमच्याकडे?" मी गाळ्यात येऊन ते सांगितलं. मनात होतं की हा म्हणेल, मावशी, तुम्ही मागे राहा, प्रणाली देईल मूर्ती. नाहीतर म्हणेल, मी बघतो त्या बाईकडे. काहीतरी म्हणेल. त्याने चुटक्या वाजवल्या. मला इतकी चीड आली! अशा गोष्टीतही? पण चुटक्या काही थांबेनात. मग मी म्हटलं, "मीच देणार." चुटक्या थांबल्या. पुढच्या वेळी एक बाई असंच म्हणाली तेव्हा मी विचारलं, "मूर्ती घेताय का परत टेम्पोत ठेवू?" तिने मुकाट्याने घेतली. त्यानंतर मला कोणी बोललं तरी लागायचं नाही. त्याचे उपकार मानत नाही मी. तो काही बोललाच नव्हता.

हे चुटक्यांचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्याने एकदाच सांगितलं. पापड मोजून झाले होते, चहा पीत बसलो होतो. तो मूळचा रोह्याचा. तिथल्याच एका कंपनीत इंजिनियर होता. एकदा त्याच्या शिफ्टला पाइप गळायला लागला. सगळं बंद करायचं तर वरच्या साहेबांची परवानगी लागायची. साहेब मीटिंगमध्ये. याने दुसऱ्या साहेबाला फोन केला, तो म्हणाला पहिल्याला विचार. एवढ्यात खाली काम करणाऱ्या एका माणसाच्या हातावर ते पाणी पडलं. साधं पाणी नव्हतं. हात कामाचा राहिला नाही.

मी विचारलं, "बंद करायचं चाक कोणाजवळ होतं?"

"माझ्याजवळ. हात लावून उभा होतो."

"मग फिरवलं का नाहीस?"

"विचारत होतो," तो म्हणाला.

मला त्या हात गेलेल्या माणसाचं वाईट वाटलं. याचं फारसं नाही. पण त्यानंतर मी चुटक्यांना शिव्या घालणं जरा कमी केलं. बंद नाही केलं.

आता पाटाचं सांगते. आमच्या भागात माणसं नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट कारखान्यात नेऊन ठेवतात. मागे खडूने नाव. मूर्ती त्याच पाटावर बसवून घरी जाते. प्रणालीचं म्हणणं होतं पाट नकोत, पुठ्ठ्याची खोकी बरी. पण मूर्ती माझं काम, म्हणून मी पाट ठेवले. घरोघरचे पाट गोळा करून आणायचे म्हणजे टेम्पोचे दोन फेरे जास्त. प्रणाली चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तो दोन्ही वेळा टेम्पोत बसून पाट उचलायला आला. एक पाट त्याच्या स्वतःच्या घरचा होता. रोह्याला त्याची आई असायची. गाळा उघडला तेव्हा सगळ्यांत आधी बुकिंग तिने केलं होतं. लेकाचं दुकान म्हणून फुकट नको म्हणाली. सगळ्यांसारखा बुकिंगचा विडा ठेवून मूर्ती ठरवली. शाडूचीच, लाल पितांबराची. त्यांच्या घरी प्लास्टरची मूर्ती येत नाही. वाडीतल्या ओढ्यात विसर्जन करतात, तिथे माती विरघळली पाहिजे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रोह्याला निघालो. सहा मूर्ती होत्या. इक्बाल आणि तो पुढे, मी मागे मूर्तींपाशी. नागोठण्याच्या अलीकडे रस्त्यात अचानक बैल आला. इक्बालने ब्रेक मारला. पाच मूर्ती जागच्या जागी राहिल्या. सहावी बाजूच्या पाटावर आपटली आणि तिचा आशीर्वादाचा हात मनगटापासून निघाला.

मी आतून पत्रा बडवला. टेम्पो थांबला. दोघं मागे आले. ती मूर्ती अष्टमीच्या एका घरची होती, अष्टमी म्हणजे रोह्याच्या नदीपलीकडचं गाव. त्यांचं नवं घर, पहिलाच गणपती. सुनेने माझ्याशी फोनवर तीनदा बोलून घेतलं होतं, शाडूचीच ना हो, लालच ना हो.

इक्बाल म्हणाला, "मावशी, माझ्याकडे चिकटवायचं हाय. एक थेंब लावला तर ब्रह्मदेवाला कळायचं नाय."

"ज्याला बसवायचाय त्याला कळेल," मी म्हटलं. "खंडित मूर्ती कोणाच्या घरात नाय देनार."

परत पेणला जायचं तर समोरून मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली, रात्र झाली असती. रोह्याच्या बाजारात आदल्या दिवशी शाडूची मूर्ती उरत नाही. मी टेम्पोत बघितलं. तशीच, तेवढीच, लाल पितांबराची आणखी एक होती. तिच्या पाटामागे याच्या घरचं नाव.

त्याचंही लक्ष तिकडेच गेलेलं. मी त्याच्याकडे बघितलं. सवयीने त्याचा हात वर आला आणि तसाच राहिला. बोटं वाजली नाहीत.

"ती आमच्या घरची आहे," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत कामाच्या वेळी त्याने आपणहून मांडलेली ही पहिली अडचण.

"ठाव हाय. मग सांग, काय करू?"

तो रस्त्याकडे बघायला लागला. पुढून गाड्या जात होत्या. इक्बाल चिकटवायची ट्यूब हातात धरून उभा. मग मीच त्याच्या तोंडासमोर चुटक्या वाजवल्या. इक्बालला हसू आवरेना, तो टेम्पोच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"तुमचं काम आहे, मावशी," तो शेवटी म्हणाला.

मी ठरवलं. आई स्वतःच्या पोराची असते, चार शिव्या देते आणि गप्प बसते. गिऱ्हाईक गप्प बसत नाही, आणि ज्या घरात पहिल्यांदाच गणपती येतोय तिथे रिकाम्या हाताने जाववत नाही. त्याच्या घरची मूर्ती मी उचलून अष्टमीच्या पाटावर बसवली. तुटलेली कापडात गुंडाळून ठेवली. अष्टमीची सून दारात हळदकुंकू घेऊन उभी होती. तिने मूर्तीचं तोंड बघितलं आणि माझ्याच पाया पडली. तो टेम्पोतून उतरला नाही.

बाकीची घरं करून आम्ही त्याच्या दारात गेलो. घरात पाहुणे आलेले. मखर उभं होतं. आई उंबऱ्यात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. मूर्ती आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायचं. हा पाट घेऊन पुढे झाला. पाटावर मूठभर तांदूळ, बाकी काही नाही.

आईने पाट बघितला. मग टेम्पोकडे बघितलं, कोणी मागून मूर्ती घेऊन येतंय का म्हणून.

"बाप्पा कुठाय?"

त्याने सगळं खरं खरं सांगितलं. बैल, ब्रेक, हात, अष्टमी. मला वाटलं होतं, निस्तरणं याचं काम, आता हा म्हणेल की मी दिली. तर त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मावशींनी ठरवलं. आणि बरोबर ठरवलं."

त्याने मला शाबासकी दिली होती. त्या घराच्या दारात, रिकामा पाट हातात धरून. जमीन फाटून मला आत घेईल तर बरं असं झालं.

आई माझ्याकडे वळली. "माझ्या घरचा गनपती तुम्ही लोकांना दिलात?"

"दिला," मी म्हटलं.

"कोनाला विचारून?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो तांदळाकडे बघत होता.

"कोनाला नाय," मी म्हटलं.

मग आत जे चाललं ते मी ओटीवर बसून ऐकलं. पनवेलच्या काकांना फोन, भटजींना फोन, थोरल्या नणंदेला फोन. कोणी म्हणे प्लास्टरची आणा, कोणी म्हणे फोटो ठेवा, कोणी म्हणे यंदा राहू दे. आई प्रत्येकाचं ऐकायची आणि दुसऱ्याला विचारायची. आपला हा एवढा चुटक्यांचा सरदार, कोपऱ्यात हात बांधून उभा. आई विचारतेय, "तू सांग ना रे, काय करू?" तर म्हणतो, "आई, तुझं घर. तू ठरव." त्याच्या आईने हातातला तांब्या त्याच्या पायाशी आपटला. मी असते तर डोक्यात घातला असता.

दिवे लागायच्या वेळेला आई उठली. कोणाला काही न विचारता पाटावरचे तांदूळ नीट पसरले, त्यावर एक सुपारी ठेवली आणि पाट मखरात नेला. म्हणाली, "हाच माझा गनपती. आरती घ्या." एवढं मोठं मखर, लाइटच्या माळा, आणि मध्ये सुपारी. आरतीला तो सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता. सूर नव्हता. आईने मला प्रसाद दिला, हातावर ठेवला आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.

पहाटे पेणच्या मूर्ती द्यायच्या होत्या, म्हणून तोही आमच्याबरोबर निघाला. परत येताना मी त्याला सांगितलं, "तू मला तोंडघशी पाडलंस."

"तुमचा निर्णय लपवला असता तर तुमचा अपमान झाला असता, मावशी."

"असला मान तुझ्याजवळच ठेव," मी म्हटलं. पेण येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते समजलंही नसेल. तो खिडकीबाहेर बघत होता आणि मध्येच डोळे पुसत होता. धूळ होती म्हणाला. काच बंद होती.

अष्टमीच्या त्या सुनेने किती जणींना सांगितलं कोण जाणे. पुढच्या वर्षी रोह्याहून इतकं बुकिंग आलं की दोन टेम्पो करावे लागले. प्रणाली ते आकडे मला दाखवायला यायची आणि हा म्हणायचा, बघा मावशी. मी बघितलं. त्यात त्याच्या आईचं नाव नव्हतं. त्यांचा पाट आमच्याकडे आला नाही.

त्या वर्षी आदल्या दिवशी मी रोह्याच्या बाजारात एका घरची मूर्ती उतरवून घेत होते. समोर दुसऱ्या एका मूर्तिवाल्याचा मांडव होता. त्यातून तो बाहेर आला, निळा शर्ट, डोक्यावर पाट, पाटावर लाल पितांबराची शाडूची मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. सकाळीच त्याने गाळ्यात सांगितलं होतं की घरचं काम आहे. बाजूला आई, हातात घंटा.

आईने मला ओळखलं. थांबली.

"तुमच्या मूर्त्या चांगल्या असतात गो," ती म्हणाली. "सगळा रोहा सांगतो. पन माझा तुमच्यावर भरवसा नाय."

मी म्हटलं, "बरोबर हाय तुमचं."

तो आमच्या दोघींच्या मध्ये उभा होता. डोक्यावर मूर्ती, दोन्ही हात वर पाटाला धरलेले. मान इकडेही वळवता येत नव्हती आणि तिकडेही. आईने घंटा वाजवली आणि चालायला लागली, तसा तोही सरळ समोर बघत तिच्या मागून गेला.